आठ घरांचं ऊन

मी एकदा आठ घरांचं अंगण लाटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी, भर दुपारी, डोक्यावरचा पदर ढळू न देता. आता गल्लीत सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा मीच सांगितलेलं बरं. दुसरं कुणी सांगायला लागलं की त्यात मी फार पोचलेली, कावेबाज बाई दिसते. तशी असते तर आणखी काय हवं होतं! मी कावेबाज नव्हते, बावळट होते. फरक एवढाच, की कावेबाजाला आपण काय केलं ते त्याच दिवशी कळतं, आणि बावळटाला कळायला पन्नास वर्षं लागतात.

चैत्र आला की हे सगळं वर येतं. कारखान्याचं धुराडं थंड होतं, हवेतला मळीचा वास विरत जातो, कालव्याकडून येणारा वारा दहा वाजेपर्यंतच गार लागतो आणि मग एकदम तव्यावरून आल्यासारखा होतो. अशा दिवसांत सकाळी डोळे मिटून पडलेली असताना मला भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास येतो. घरात गहू भिजत घातलेले नसतात. सून म्हणते, "आई, कुरडई आता बारा म्हैने पाकिटात मिळती." मिळते की. पण पाकिटाला वास नसतो, आणि वासाशिवाय उन्हाळा म्हणजे नुसता उकाडा.

आमची गल्ली बारामतीच्या जुन्या भागातली. वाडेबिडे काही नाहीत हं, उगीच डोळ्यांसमोर कमानी आणू नका. विटांची, मातीची, कुठे कौलं कुठे पत्रा अशी आठ घरं. चार या अंगाला, चार त्या अंगाला, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या जावांसारखी. आणि त्या पाठींच्या मधोमध एक मोकळी जागा. तिला नाव नव्हतं. आम्ही नुसतं 'मधलं' म्हणायचो. मधल्यात बाज टाक. मधल्यात पोराला न्हाऊ घाल. जास्तच रडू येत असंल तर मधल्यात जाऊन रड, हितं पाव्हणं बसल्यात.

त्या मधल्यात ऊन कसं फिरायचं ते मला अजून डोळे मिटून सांगता येतं. सकाळी सातला ते टोकाच्या घरातल्या तात्यांच्या कौलांवरून उतरायचं, आठला रांजणापाशी, नऊला न्हाणीच्या दगडावर. मग पसरायचं. दुपारी बारा ते दोन सगळीकडे सारखं, जसं काही कुणी चुन्याची बादली उपडी केलीय. पण तीननंतर घरांच्या सावल्या पाय पसरायला लागायच्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात तेवढं साडेपाचपर्यंत ऊन राहायचं, पिवळं, जाड, दुधावरच्या सायीसारखं. त्या कोपऱ्यातली कुरडई एका दिवसात कडकडीत. बाकीच्यांना दोन दिवस, कधी अडीच.

म्हणून त्या कोपऱ्याचा एक नेम होता. कुणी घालून दिला ते माहीत नाही. ज्या घरात नवी सून आली असेल, त्या घराची बाज त्या वर्षी पूर्वेच्या कोपऱ्यात. नव्या पोरीचं पहिलं वाळवण फसू नये, सासूच्या तोंडाला विषय मिळू नये, यासाठी आठ घरांनी मिळून केलेली ही सोय. आता विचार करते तेव्हा वाटतं, केवढी शहाणी माणसं! त्या वेळी मला एवढंच वाटलं, की कोपरा माझा.

कारण मी त्या माघात लग्न होऊन आले होते. पिंपळीच्या बागायतदाराची लेक, सातवी पास, नाकात नथ आणि नाकावर राग. कुरडईच्या गव्हाचं पाणी मी मनातल्या मनात तीनदा बदलून ठेवलं होतं. आणि फाल्गुनात, शिमग्याच्या तोंडावर, समोरच्या दीड खणाच्या घरात शकू आली. सुप्याकडची. कोरडवाहू माणसांची पोर, अंगानं काडी, बोलणं कमी, हसली की सगळे दात दिसायचे. महिन्याभरानं आली, म्हणजे नवी सून ती. कोपरा तिचा.

मला झोप लागेना. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "ऊन काय वाटून येतं व्हय गं?" पुरुषांना ऊन वाटून येत नाही, कारण त्यांना ते फुकट मिळतं.

शकूच्या कुरडया निघाल्या त्या जाईच्या वेण्यांसारख्या. पांढऱ्याशुभ्र, बारीक, गोल. माझ्या निघाल्या बैलाच्या दाव्यासारख्या. चीक शिजवताना मी घाई केली होती, गुठळ्या राहिल्या होत्या, सोऱ्या अडकत होता. पण मी सगळ्यांना सांगितलं, कोपरा मिळाला असता तर माझ्याही अशाच झाल्या असत्या. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, शांतपणे म्हणाल्या, "उन्हानं जाडी कमी व्हत न्हाय, कमल. मानसाची बी न्हाय आन कुरडईची बी न्हाय."

असं माझं पोट दुखत असताना मोजणीवाले आले.

आत्या लोणी भापकरला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. सासरे रानात, हे कारखान्यावर. दुपारची वेळ, बाकीच्या बायका आत पाठ टेकून पडलेल्या, आणि मी मधल्यात शेवरीची काठी घेऊन कावळे हाकत बसलेले. त्यातल्या त्यात शकूच्या बाजेकडचे कावळे मी जरा सावकाश हाकत होते, हेही आता सांगून टाकते. तेवढ्यात बोळातून एक साहेब आले. डोक्यावर टोपी, हातात नकाशाची फळी, मागे लोखंडी साखळी ओढत एक म्हातारा शिपाई. गावाची मोजणी चालली होती, घरोघर जागेचं कार्ड होणार होतं, हे कानावर होतं. पण कार्ड म्हणजे मला रेशनचंच माहीत.

साहेबांनी घाम पुसला. म्हणाले, "बाई, ही मधली मोकळी जागा कुणाची?"

आता बघा. खरं उत्तर होतं, सगळ्यांची. जीभही तिकडेच निघाली होती. पण समोर शकूची बाज होती, पूर्वेच्या कोपऱ्यात, आणि तिच्यावरच्या त्या वेण्या उन्हात अशा काही चमकत होत्या की माझी जीभ अर्ध्या वाटेवरून वळली.

"आमची," मी म्हणाले.

"सगळी?"

"मग काय आरदी? सगळी."

"मग ह्या बाजा?"

"त्या शेजाऱ्यांच्या हायत. आमी वापरू देतो. शेजारधर्म हाय न्हवं."

वापरू देतो! लग्न होऊन तीन महिने झालेली पोरगी, जिला स्वतःच्या घरात चहात साखर किती घालायची ते विचारावं लागत होतं, ती आठ घरांना ऊन वापरू देत होती. मला वाटलं साहेब हसतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली.

"घरमालकाचं नाव सांगा."

इथे पंचाईत झाली. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. खोटं बोलायला मला काही वाटलं नव्हतं, पण नाव घ्यायचं म्हटल्यावर मी लाजेनं अर्धी झाले. पदराचं टोक दातात धरून नुसती उभी. साखळीवाला म्हातारा म्हणाला, "सायेब, सून हाय ती. मेली तरी नाव घ्यायची न्हाय."

मी म्हणाले, "लिवता येतंय मला."

आणि साहेबांच्या हातातली वही घेऊन मी सासऱ्यांचं पूर्ण नाव लिहिलं. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. वेलांट्यांना झोकदार वळणं देऊन. सातवी पासचा एवढा उपयोग मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मग वाटीभर चीक आणून दोघांना खायला दिला. साहेब म्हणाले, चव छान आहे. मला दिवसभर पंख फुटल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी शकू तिच्या कुरडया काढायला आली आणि जाताना माझ्या पदरात चार टाकून गेली. "आत्याबाई न्हाईत, तळून खा," म्हणाली. त्या मी तळल्या. फुलून कढईबाहेर आल्या. खाताना घशात काही अडकलं नाही, असं खोटं मी आता सांगणार नाही, आणि अडकलं असंही सांगणार नाही. एकोणिसाव्या वर्षी माणसाला भूक फार असते.

मला वाटलं, सरकारी कागद, कुठे तरी वाऱ्यावर जाईल. पुढे हरकतींची नोटीस लागली म्हणे कचेरीच्या भिंतीवर. वाचणार कोण? पुरुष ऊसतोडीच्या आणि कारखान्याच्या मागे. बायकांना कचेरीची भिंत दिसायची ती मतदानाच्या दिवशी.

आणि मग वर्षं अशी गेली, की सांगताना मला ती वर्षं आठवत नाहीत, उन्हाळेच आठवतात. उन्हाळ्यांचीच एक लांब माळ. रोज सकाळी मधल्यात बायांचा गोंगाट, सोऱ्यांची कुरकुर, शेवयांच्या काठ्या, उडदाच्या पापडाचा गोळा कुटताना घुमणारा वरवंटा. अर्धवट वाळलेली पापडी चोरून खाणारी पोरं, मग त्या पोरांची पोरं. धोतरावर घातलेले सांडगे, आणि संध्याकाळी ते उचलताना धोतराला राहिलेले गोल पिवळे डाग. सगळ्यांचं सगळं त्याच उन्हात वाळलं: गहू, डाळी, बटाट्याचा कीस, बाळंतिणींची लुगडी, आजारी माणसांच्या गोधड्या. कधी कधी मला वाटायचं, आपणही तिथंच वाळलो. ओल्या आलो होतो, हलक्या झालो, डब्यात भरून ठेवण्याजोग्या झालो.

एका श्रावणात शकूचा नवरा गेला. दुखवट्याच्या वर्षी घरात वाळवण घालत नाहीत. पुढच्या चैत्रात तिच्या घरातून ना चिकाचा वास, ना सोऱ्याचा आवाज. मग सात घरांनी आपापल्या बाजेवर एक एक ओळ तिच्यासाठी घातली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सात घरांच्या सात ओळी, सात जाडीच्या. मी माझी ओळ घेऊन गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. टोपलीत बघून म्हणाली, "कमे, तुज्या अजून तशाच जाड." आणि त्या वर्षी पहिल्यांदा हसली. त्या दिवशी माझ्या ओठावर आलं होतं, की शकू, एक गोष्ट सांगायचीय. पण तिचं ते हसणं इतक्या दिवसांनी आलेलं, म्हटलं राहू दे. माणूस चांगल्या कारणासाठी गप्प बसला की त्याला वाटतं, आपण चांगलेच आहोत.

आता अलीकडचं.

मागच्या वर्षी आमची गल्ली रहिवासी होती ती व्यापारी झाली. म्हणजे आराखड्यात. रात्री निजले तेव्हा मी रहिवासी होते, सकाळी उठले तर व्यापारी. पुढचा रस्ता रुंद झालाच होता, त्याच्या कडेला काचेची दुकानं उभी राहिली होती, आणि आमची आठ घरं त्यांच्या मागे अशी दिसायची, जशी फोटोत मागच्या रांगेत टाचा वर करून उभी असलेली गरीब पाव्हणी. मग एक बिल्डर आला. सगळं पाडायचं, सात मजले बांधायचे, खाली गाळे आणि वर माणसं. ज्याची जितकी जागा त्या मापानं त्याला वर घर. नकाशा घेऊन एक आर्किटेक्ट पोरगी यायची, केस कापलेली, पायात बूट, आणि आवाज अगदी गोड. मला ती आवडली. तिनं मधल्यात उभं राहून सगळ्यात आधी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "किती उजेड आहे इथं!" मापं तिनं नंतर घेतली.

तिनंच जुने उतारे काढून आणले. माझा मुलगा संजय ते घेऊन घरात आला तेव्हा त्याचा चेहरा बारावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा होता. "आई, मधलं सगळं आपलं हाय! आबांच्या नावावर. आता वारसानं तुज्या नावावर!"

आबा म्हणजे माझे सासरे; ते आणि त्यांच्यामागं हे, दोघंही केव्हाच गेले. मी कागद हातात घेतला. चौकशीच्या वहीची नक्कल होती. वरचा मजकूर साहेबांचा, पण नाव झोकदार वेलांट्यांचं. इतक्या वर्षांनी माझं अक्षर मला भेटलं आणि मी त्याला ओळख दाखवली नाही. म्हणाले, "चष्मा कुठं ठेवला बाई मी."

संजयला वाईट म्हणू नका. ठिबकच्या सामानाचं त्याचं दुकान आहे, आयुष्यभर दुसऱ्याच्या गाळ्यात. मधलं आमच्या एकट्याच्या नावावर धरलं तर त्याला रस्त्याच्या तोंडाचे दोन गाळे मिळत होते. स्वतःच्या नावाची पाटी त्यानं मनात रंगवूनसुद्धा ठेवली होती. आणि दुसऱ्या बाजूला शकू होती. शकूचं घर दीड खणाचं. त्या मापाला वर काही बसतच नव्हतं. मधल्याचा आठवा हिस्सा तिच्याकडे धरला तर एक खोली, स्वयंपाकघर आणि उभं राहण्यापुरती बाल्कनी. नाही धरला तर भरपाई घ्यायची, गठुडं बांधायचं आणि इंदापूरला लेकीकडे जायचं.

मला वाटलं गल्ली चवताळून उठेल. भांडतील, म्हणतील, कुठून आलं हे, मधलं तर सगळ्यांचं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी भांडणात चांगली आहे. पण कुणी भांडलं नाही. टोकाच्या घरातले तात्या, डेअरीतून निवृत्त झालेले, नक्कल दोनदा वाचून म्हणाले, "कागद हाय म्हंजी हाय. आबांनी घिटलं आसंल कवातरी. गप मानूस हुतं ते." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. पन्नास वर्षं ज्या जागेत त्यांनी पोरं न्हाऊ घातली, ती आपली होती ही स्वतःची आठवण त्यांनी खोटी मानली आणि माझी वेलांटी खरी. त्याहून वाईट म्हणजे शकू. तिनं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "इंदापूरला लेकीची गच्ची मोठी हाय म्हनं. ऊन काय, सगळीकडं त्येच."

सगळीकडे तेच नसतं. इंदापूरचं ऊन इंदापूरचं. तिथे तिला तात्यांच्या कौलांवरून उतरणारं सातचं ऊन कोण देणार? त्या दिवसापासून मला रोज दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागायची, आणि डुलकीत मधलं दिसायचं, सगळ्या बाजा मांडलेल्या, आणि एकीवरही काही नाही. पांढरी धोतरं नुसती वाऱ्यानं फुगताहेत. आणि मी काठी घेऊन बसलेय, पण हाकायला कावळासुद्धा नाही.

सह्यांची बैठक मधल्यातच ठरली. यंदाच्या चैत्रात, संध्याकाळी पाचला. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. संजयनं सकाळीच मला बजावलं, "आई, तू काय बोलायचं न्हाय. नुसती सही करायची आन गप बसायचं. येवढंच काम." जन्मात मला कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

पोरीनं कागद पसरले. गोड आवाजात समजावून सांगितलं, अमक्याला अमुक, तमक्याला तमुक. मग म्हणाली, "आणि हे मधलं अंगण आजींच्या कुटुंबाचं." शकू पूर्वेच्या अंगाला बसली होती. तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं. ती अशी बघत होती जशी माणसं सुटलेल्या एसटीतून बघतात, हात वर न करता.

मी म्हणाले, "पोरी, तो कागद खोटा हाय."

"आजी, सरकारी नक्कल आहे. शिक्का आहे बघा."

"शिक्का खरा हाय. बोलनं खोटं हाय. ते अक्षर माजं हाय आन मी खोटं बोलले हुते."

संजय उठून उभा राहिला. तात्या म्हणाले, "कमल, ऊन लागलं का काय तुला?"

"लागलं, तात्या. पन्नास वर्सामागं लागलं हुतं. आज उतरतंय."

मग मी सगळं सांगितलं. कोपरा, कावळे, साखळी, चिकाची वाटी. सांगताना मला ती एकोणीस वर्षांची पोरगी समोर दिसत होती, नथ सावरत उभी, आणि मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या आणि तिला पाणीही द्यावंसं वाटत होतं, कारण ऊन फार होतं. 'आमी वापरू देतो' यावर तात्या हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, कुणीतरी पाठीवर थापट्या मारल्या. मग दोघी-तिघी हसल्या. मी शेवटी म्हणाले, "आबांनी कुनाचं काय घिटलं न्हवतं. त्येंच्या नावाला म्या बट्टा लावला. मधलं आठ घरांचं हाय. तसं लिवा, मग सही करते. न्हायतर माजी सही न्हाय."

संजय हसला नाही. "दोन गाळं हुतं गं आई," एवढंच म्हणाला, आणि गाडी काढून निघून गेला. शकूही हसली नाही. ती उठली, बसलेली खुर्ची नीट उचलून भिंतीला लावली, घरात गेली आणि दार ओढून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. बैठकीतलं बाकी काहीच मला आठवत नाही, तो आवाज आठवतो.

ती पोरगी निघताना माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "आजी, एक सांगू? पलीकडच्या गल्लीत असंच अंगण होतं, ते कुणाच्याच नावावर नव्हतं. ते केव्हाच सरकारजमा झालं. तिथं आता विजेचा डीपी आहे. तुम्ही खोटं बोलला नसता तर आज वाटायला काही उरलंच नसतं." फार चांगली पोर. पण म्हातारीला असली गोळी देऊ नये, ती लगेच चघळायला लागते. मी दोन दिवस चघळली, मग थुंकून टाकली. आपल्या वाईटातून दुसऱ्याचं चांगलं झालं तर ते त्याचं नशीब. त्याचं श्रेय मागायला आपण कोण?

दोन दिवस संजय माझ्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात लावून म्हणाला, "चल." वकिलाकडे गेलो, आठ घरांचं लिहून दिलं, सही केली. या वेळी साध्या वेलांट्या. जाताना येताना मिळून तो एकच वाक्य बोलला, "पदर धर नीट, चाकात जाईल."

जूनच्या आत घरं रिकामी करायची आहेत. तिघांनी केलीही. त्यांच्या खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्यात आणि त्या भोकांतून आता मधल्यात नव्याच जागी ऊन पडतं, जिथे कधीच पडत नव्हतं. अनोळखी ऊन. मी त्याच्याकडे बघत बसते. सात मजले झाल्यावर हे कुठे जाईल? बहुधा वरच राहील, गच्चीवर. गच्ची आठ घरांची, असं त्या पोरीनं कागदात घातलंय. लिफ्टमधून चिकाचं पातेलं नेता येईल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, येईल. मी म्हटलं, मग बांध बाई.

शकूचं दार उघडायचं, मिटायचं. पाणी भरताना ती माझ्याकडे बघायची नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या डोक्यावर घेऊन नाचले असते. आठवडा गेला. मग मी दोन किलो गहू भिजत घातले. सून म्हणाली, "आई, आता सामान बांधायचं का हे करत बसायचं?" मी म्हटलं, एवढं होऊ दे. तीन दिवस पाणी बदललं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक निवळत ठेवला आणि पाचव्या दिवशी उजाडताच मधल्यात तीन विटांची चूल मांडली. गुठळी होऊ दिली नाही. इतक्या वर्षांत तेवढं शिकलेय. पण सोऱ्या दाबायला आता मनगटात जोर नाही. पहिली कुरडई निम्म्यात थांबली. दुसरी सुरूच होईना. वाफेनं चष्म्यावर धुकं आलं, त्यामुळे कोण आलं ते मला आधी दिसलंच नाही. कुणीतरी माझ्या हातातून सोऱ्या काढून घेतला.

शकू होती. तीही वाकलीय आता, पण तिचा हात तसाच. तिनं सोऱ्या भरला आणि बाजेवर एक वेढा घातला, त्यात दुसरा, त्यात तिसरा. मी वाटीनं चीक देत राहिले. तात्यांच्या कौलांवरून ऊन उतरलं, रांजणापाशी आलं. एक ओळ झाली, दोन झाल्या. पोपटांचा एक थवा ओरडत बागेच्या दिशेनं गेला. अर्धी बाज भरली तरी ती बोलली नाही, आणि मला बोलायची हिंमत झाली नाही, मला! मग वाकल्या वाकल्याच, वर न बघता, ती म्हणाली,

"पन्नास वर्सं येकटीनं कसं गं दाबून ठिवलंस, कमे? आदी बोलली आसतीस, तर मीबी माजं येक सांगून मोकळी झाले आसते."